सिरिंजमध्ये हवा दबते, पाणी दबत नाही: प्रयोग करण्याआधी बुडबुडा काढा

हा प्रयोग वर्गात दाखवायचा तर मेडिकलमधून 10 मिलीची नवी सिरिंज आणा, सुई घेऊच नका. "मोठी घ्या, मागच्या बाकावरून दिसेल" असं बरेच जण सांगतात. ऐकू नका. 50 मिलीचा दट्ट्या रुंद असतो, अंगठ्याचा जोर त्यावर पसरून जातो आणि मग हवासुद्धा जेमतेम दबते.

हवेचा भाग सोपा आहे. दट्ट्या 10 वर आणा, टोक खोडरबरावर घट्ट टेकवा, सिरिंज उभी धरून दाबा. दट्ट्या 5 च्याही खाली जातो आणि सोडला की वर येतो. दट्ट्याचं रबर नळीला घासतं म्हणून तो अगदी 10 पर्यंत पोचत नाही, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा. मोठ्या वर्गाला दट्ट्यावर वजन ठेवून दाखवा: हवा निम्मी व्हायला दोन किलोच्या आसपास लागतात. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं, हे शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलनं 1662 मध्ये मांडलं होतं, तेच इथे बाकावर दिसतं. सिरिंजचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करायची युक्ती मात्र करू नका. हवेपुरती ती चालते, पुढे पाण्याच्या वेळी अडकता.

खरा घोटाळा पाण्याच्याच वेळी होतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी नळाचं पाणी ओढून घ्यायचे आणि सिरिंज सरळ मुलांच्या हातात द्यायचे. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, पाणीपण दबतं की!" मी पाहिलं तर दट्ट्या खरंच एक खूण खाली गेला होता. "तेवढं चालायचंच," म्हणून मी पुढे गेले. तिनं वहीत लिहिलं, "पाणी थोडे दाबले जाते." तिनं डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं. चूक माझी होती, आणि ती मला घरी आल्यावर कळली. दट्ट्याच्या काळ्या रबराच्या कडेला हवेचा बुडबुडा चिकटून बसला होता. पाणी होतं तेवढंच राहिलं, दबला तो बुडबुडा. अर्ध्या मिलीचा बुडबुडा दुप्पट दाबाखाली पाव मिलीचा होतो आणि दट्ट्या तेवढा सरकतो. बुडबुडा नसेल, तर अंगठ्यानं जीव खाऊन दाबलं तरी 10 मिली पाणी एक-दोन सहस्रांश मिलीनं आत जाईल. ते कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही.

म्हणून घाई करू नका. पाणी आदल्या रात्री उकळून, झाकून गार करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते. सिरिंज भरा, टोक वर करा, नखानं टिचक्या मारा, वर आलेली हवा बाहेर ढकला. बहुतेक जण इथेच थांबतात. रबराच्या खाचेतले बारीक बुडबुडे टिचक्यांनी हलत नाहीत. त्यासाठी टोक वरच ठेवून बोटानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या थोडा खाली ओढा. आतला दाब उतरतो, चिकटलेले बुडबुडे फुगतात आणि सुटून वर येतात. बोट काढून ते बाहेर ढकला. असं तीन-चार वेळा करा. मग सिरिंज उजेडाकडे धरून रबराची कड सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा ठेवू नका. गॅरेजमध्ये डिस्क ब्रेकचं तेल बदलल्यावर मेकॅनिक लिव्हर दाबून दाबून नळीतली हवा काढतो, तो याच कारणासाठी. तेलात हवा राहिली तर आपण दाबलेला जोर हवा दाबण्यातच जातो आणि ब्रेक नीट लागत नाही.

आता टोक खोडरबरावर टेकवून दाबायला द्या. अंगठा पांढरा पडतो, दट्ट्या जागचा हलत नाही. हलला तर आधी टोकाशी पाणी झिरपतंय का पाहा.

घन पदार्थासाठी नळीत छोटा गुळगुळीत खडा टाका, उरलेली जागा पाण्यानं भरा, पुन्हा तसेच बुडबुडे काढा आणि दाबा. खडू किंवा स्पंज वापरू नका, त्यांच्या भोकांत हवाच असते.

मग "का?" सांगताना फळ्यावर ती नेहमीची तीन चौकोनांची आकृती काढू नका: स्थायूचे कण चिकटलेले, द्रवाचे थोडे लांब, वायूचे खूप लांब. मधला चौकोन चुकीचा आहे. पाण्याचे रेणू जवळजवळ एकमेकांना टेकलेलेच असतात. बर्फ तर त्याच पाण्यापेक्षा सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो, म्हणून तर तरंगतो. द्रवाचे कण एकमेकांवरून घसरू शकतात, स्थायूचे आपली जागा सोडत नाहीत, फरक एवढाच दाखवा. मोकळी जागा फक्त वायूत आहे. 1 मिली पाण्याची 100 अंशांना वाफ झाली की ती सुमारे 1,700 मिली जागा व्यापते, रेणू मात्र तेवढेच असतात. हवा दाबताना आपण ही रिकामी जागा कमी करतो. पाण्यात ती नाही, तिथे आपण टेकलेल्या रेणूंना आणखी जवळ ढकलू पाहतो आणि ते फार जोरानं विरोध करतात.

"पाणी अजिबात दबत नाही" असंही लिहून देऊ नका. पाणी किंचित का होईना दबतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन कँटननं 1762 मध्येच दाखवलं होतं. प्रशांत महासागरातल्या सुमारे 11 किलोमीटर खोल मारियाना गर्तेच्या तळाशी दाब वातावरणाच्या हजारपटीहून जास्त असतो, तिथल्या पाण्याची घनता वरच्यापेक्षा सुमारे 5 टक्के जास्त असते. वर्गातली मुलगी "थोडं दबतं" म्हणाली, तर तिला हा आकडा द्या आणि तिची सिरिंज उजेडाकडे धरून बघा.