मिलीपीडवर माइट्स दिसले? आधी या चुका टाळा

मिलीपीड म्हणजे असंख्य पायांचा, कुजकी पानं खाणारा लांबट प्राणी. तो पाळणारे मला सर्वांत जास्त काय पाठवतात? प्राण्याच्या पायांचा एक धूसर फोटो आणि खाली एकच प्रश्न: "अंगावर माइट्स आहेत, काय मारू?" माइट्स म्हणजे गोचिडाच्या जातकुळीतले बारीक जीव; ते कुठले आहेत, नेमके कुठे बसलेत, डब्याच्या मातीत काय चाललंय, याचा पत्ता नसतो. मारायचं मात्र आधीच ठरलेलं असतं.

एका ओळखीच्या माणसाने आफ्रिकन जायंट मिलीपीड आणला. चांगला धडधाकट, वीतभर लांब. दोन-चार दिवसांत त्याला पायांच्या मुळाशी तपकिरी ठिपके पळताना दिसले. मी कळवलं, हात लावू नकोस, भिंगातून बघू. पण धीर कुठला! त्याने कुत्र्याच्या गोचिडांवरचा स्प्रे मारला. मी पोहोचले तेव्हा मिलीपीड कुशीवर पडला होता, पायांची नेहमीची लाट थांबली होती, मागचे थोडेच पाय थरथरत होते. सकाळपर्यंत तो गेला. डबा उघडून पाहिला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी, आणि ती भुकटी हलत होती. खाली काकडीची सडलेली फोड. म्हणजे खरी अडचण मातीवर होती आणि औषध बसलं प्राण्यावर. माइट मारणारं औषध मिलीपीडला सोडेल असं धरून चालू नका. दोघेही संधिपादच, म्हणजे सांधेदार पायांचे, एकाच मोठ्या गटातले जीव.

ते तपकिरी, चपळ माइट्स मोठ्या मिलीपीडवर अनेकदा मुक्कामालाच असतात. पायांच्या मधे, तोंडाजवळ फिरतात, अंगावरचा मळ आणि स्राव खातात. मिलीपीडला त्यांचा सहसा काही त्रास नसतो. दुसरा प्रकार एकाच जागी चिकटून बसलेल्या बारीक, फिकट दाण्यांचा. ही काही माइट्सची प्रवासी अवस्था असते. तिला खाण्याजोगं तोंडच नसतं, ती फक्त सवारी करते आणि कात टाकली की कातीबरोबर जाते. तिसरे ते भुकटीसारखे पांढरे. ते बुरशीवर आणि सडक्या अन्नावर वाढतात आणि त्यांची गर्दी झाली की समजायचं, डबा फार ओला आहे, हवा खेळत नाही किंवा उरलेलं अन्न वेळेत निघत नाही. उडी मारणारे पांढरे किडे दिसले तर ते स्प्रिंगटेल. ते बुरशी खातात, राहू द्या.

माझी पद्धत साधी आहे. रात्री काकडीची एक चकती मातीवर ठेवायची आणि सकाळी माइट्सनी भरलेली ती चकती पिशवीत बंद करून टाकून द्यायची. गर्दी ओसरेपर्यंत हे रोज. जोडीला मातीचा वरचा थर बदलायचा, तो थोडा सुकू द्यायचा आणि डब्याच्या बाजूला जाळीची भोकं वाढवायची. माइट्स खाणारे शिकारी माइट्स विकत मिळतात, स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचे. ते कामाचे आहेत, पण डबा ओलाच ठेवून ते सोडण्यात अर्थ नाही. सांध्यांत किंवा जखमेवर खरंच थर साचला असेल तर कोमट पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. तेल, व्हॅसलीन, साबण अजिबात नको. मिलीपीडची श्वासाची छिद्रं पोटाकडे, पायांच्या मुळाशी असतात आणि तीच बुजतात.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते: मिलीपीड दिसत नाही म्हणून माती उकरणं. तो मातीत पोकळी करून त्यात कात टाकतो. तेव्हा अंग पांढुरकं आणि इतकं मऊ असतं की बोटाच्या दाबाने फाटतं. बाहेर येण्याआधी तो जुनी कात खातो, कारण त्यातलं कॅल्शियम नव्या कवचाला लागतं. मोठ्या प्राण्याला यात कित्येक आठवडे जातात. "फक्त जिवंत आहे का ते बघितलं" म्हणत लोक उकरतात आणि त्या बघण्यानेच तो मरतो. सडका वास येत नसेल तर हात लावू नका. रोज बघायला मिळायलाच हवं असेल तर मासे पाळा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नुसता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) म्हणजे उपासमार. कुजलेली रुंद पानं आणि पांढरं पडलेलं, हाताने चुरडता येणारं लाकूड हे त्याचं मुख्य अन्न. मातीचा थर निदान त्याच्या लांबीइतका खोल हवा. पाइन किंवा सीडरचा भुसा नको. फवारणी झालेल्या झाडांची पानं तर नकोच. हाताळल्यावर हात धुवा, डोळे चोळू नका; अनेक जातींच्या स्रावात बेंझोक्विनोन नावाची दाहक रसायनं असतात, त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि डोळ्यात गेलं तर आग होते.

नवा मिलीपीड थेट जुन्यांच्या डब्यात सोडू नका. मी त्याला महिनाभर तरी वेगळा ठेवते आणि ज्या मातीतून तो आला ती सगळी फेकून देते.