‘आय रेंट अ रूम’ : भाड्याच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की गोव्यातल्या कळंगुट-हणजूण पट्ट्यात दारोदार पाट्या झळकतात आणि पाहुण्यांशी इंग्रजीत मेसेज सुरू होतात. त्यात सगळ्यात घोळ घालणारं क्रियापद म्हणजे ‘रेंट’. मराठीत खोली भाड्याने देतात किंवा घेतात, त्यामुळे कोण मालक हे लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रेंट’च.

खोलीच्या मालकाने ‘आय रेंट अ रूम इन कळंगुट’ असं लिहिलं, तर परदेशी पाहुण्याला तोच भाडेकरू वाटतो. मग ‘मालकाचा नंबर द्या’ अशी मागणी येते. इलाज सोपा आहे. देणाऱ्याने ‘आउट’ जोडावं: ‘आय रेंट आउट माय रूम’. घेणाऱ्याने ‘फ्रॉम’ लावावं: ‘आय रेंट इट फ्रॉम माय अंकल’. घेणाऱ्याच्या तोंडी ‘रेंट आउट’ कधीच नको.

पाटीवर ‘रूम रेंटेड’ लिहू नका. त्याचा अर्थ खोली गेली, पुढे चला! ‘रूम्स फॉर रेंट’ लिहा. ‘टू लेट’ लिहायचं तर दोन शब्द सुटे ठेवा, नाहीतर घाईत वाचणाऱ्याला तिथे शौचालय दिसतं.

‘गिव्ह ऑन रेंट’ हे आपलं देशी इंग्रजी. म्हापशाच्या बाजारात सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्यावर कुणाला टोकण्यात अर्थ नाही. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘रेंट आउट’च बरं.

माणसाला सहसा ‘रेंट’ लावत नाहीत. स्कूटर ‘रेंट’ करतात, पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, ‘हायर’. ब्रिटिश पाहुणा गाडीलाही ‘हायर’ म्हणेल, त्याचं इंग्रजी दुरुस्त करायला जाऊ नका.

‘लेंड’ मात्र जपून. ‘आय विल लेंड यू माय स्कूटर’ म्हणालात, की पाहुणा ती फुकट समजणार आणि संध्याकाळी पैशांवरून वाजणार. तशीही घरची पांढऱ्या नंबरप्लेटची स्कूटर मित्राला ‘लेंड’ करता येते, ‘रेंट आउट’ करता येत नाही. भाड्याने चालवायला देण्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळे आकडे लागतात, आणि पोलिस आधी तेच बघतात.

‘लीज’चीही गत ‘रेंट’सारखीच आहे. तिथेही देणाऱ्याने ‘आउट’ विसरू नये.