सोलापुरात बसून समुद्र रंगवताना : आयवाझोव्स्की यांची रीत

समुद्र रंगवायचा तर किनाऱ्यावर राहायला हवे, असे मानून सोलापूरच्या ज्या चित्रकाराने हा विषय बाजूला ठेवला असेल, त्याने इव्हान आयवाझोव्स्की यांची कामाची पद्धत एकदा समजून घ्यावी. क्रिमियातील फिओदोसिया या बंदराच्या गावी १८१७ मध्ये एका आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या आणि १९०० मध्ये तिथेच निवर्तलेल्या या स्वच्छंदतावादी चित्रकाराने सुमारे सहा हजार चित्रे काढली. त्यांतली बहुसंख्य समुद्राची असूनही ती समुद्राकडे पाहत रंगवलेली नव्हती. विजेची चमक, वाऱ्याचा झोत आणि फुटणारी लाट समोर पाहून टिपता येत नाही, ती आठवणीतच पकडावी लागते, असे त्यांचे मत होते. बाहेर ते पेन्सिलीने अगदी थोडक्या रेषा काढत आणि चित्र खोलीत बसून पुरे करत.

तेव्हा पहिला सराव डोळ्यांचा आहे. पावसाळ्यात वारा सुटलेला असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठी पंधरा मिनिटे काहीही न काढता उभे राहावे. उजेड कोणत्या बाजूने येतो, पाण्याचा सर्वांत गडद पट्टा कुठे आहे आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली पाण्याचा रंग कसा बदलतो, एवढेच मनात ठेवून घरी यावे व मगच कागद हातात घ्यावा. मोबाइलने फोटो काढला की हा सराव वाया जातो, कारण मग आपण पाणी आठवत नाही, फोटोची नक्कल करतो. अर्थात तलाव उजेड शिकवील, उसळती लाट शिकवणार नाही. त्यासाठी कोकणात एकदा तरी जाऊन यावे आणि एकच लाट उठण्यापासून फुटेपर्यंत कशी बदलते, हे पुन्हा पुन्हा पाहावे.

आयवाझोव्स्की यांच्या लाटेचे मर्म तिच्या पारदर्शकपणात आहे. १८५० मधल्या ‘नववी लाट’ या सुमारे सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटरहून अधिक रुंद चित्रात तुटलेल्या डोलकाठीला धरून राहिलेली माणसे आपल्याला आधी दिसतात. पण चित्र उभे राहते ते पलीकडच्या सूर्याचा उजेड पाण्यातून आरपार येतो म्हणून. हे घरी पडताळायचे असेल, तर हिरव्या काचेच्या बाटलीत पाणी भरून ती खिडकीतल्या उन्हासमोर धरावी. जिथे पाण्याची जाडी कमी, तिथे रंग उजळ आणि पिवळसर दिसतो, तर जाडी वाढते तिथे तो काळपट होत जातो. लाटेचा माथा पातळ आणि पायथा जाड असतो, एवढे लक्षात आले की रंग कुठे उजळायचा हे विचारावे लागत नाही.

तैलरंगात रंगवताना आकाश आधी आणि शक्यतो एकाच बैठकीत संपवावे, कारण पाण्याचा सगळा रंग त्यावरून ठरतो. त्यानंतर पाण्याचे गडद भाग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात बसवावेत. ते सुकल्यावर व्हिरिडियन हा निळसर हिरवा रंग आणि थोडा यलो ओकर हा मातकट पिवळा रंग जवसाच्या तेलात मिसळून लाटेच्या माथ्यावर अतिशय पातळ थर द्यावा. असे तीन-चार थर एकावर एक चढले की खालचा उजेड वरून झिरपल्यासारखा दिसतो. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त असावे, नाहीतर पुढे रंगाला तडे जातात. हे जवसाचे तेल चित्रकलेच्या रंगांच्या दुकानातलेच, शुद्ध केलेले घ्यावे. चटणीच्या जवसाचे घाण्याचे तेल इथे चालत नाही. फेस सर्वांत शेवटी काढावा. तो कमी काढावा, हे नवशिक्याला पटत नाही. पण लाट जागोजागी पांढरी झाली की तिच्यातला उजेड मरतो.

वेगाचा मोह मात्र टाळावा. ‘लाटांमध्ये’ हे चार मीटरहून रुंद चित्र आयवाझोव्स्की यांनी १८९८ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, अवघ्या दहा दिवसांत केले, हे खरे. पण त्यामागे साठ वर्षांची आठवण होती. आपण दोन थरांमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात रंग लवकर सुकतो आणि तितकीच लवकर धूळही चिकटते, म्हणून ओला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून, थोडा तिरका टेकवून ठेवावा. व्हार्निश सहा महिन्यांनंतरच लावावे.