एएलएच्या एक्झिबिट हॉलमध्ये कुठं थांबायचं, कुठून पुढं सरकायचं

अमेरिकेत एमएलआयएस (ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स) करताय किंवा तिथल्या एखाद्या लायब्ररीत नोकरीला लागलाय आणि जूनमधल्या एएलए अ‍ॅन्युअलला पहिल्यांदाच जाताय, तर हे वाचून ठेवा. एएलए म्हणजे अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, १८७६ पासूनची, तिची ही मोठी परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते (२०२३ शिकागो, २०२४ सॅन डिएगो, २०२५ फिलाडेल्फिया). पूर्ण रजिस्ट्रेशन महाग वाटत असेल तर फक्त एक्झिबिट्सचा बॅज घ्या, तो बराच स्वस्त पडतो आणि हॉलमधलं सगळं त्यात बघता येतं.

हॉल बहुतेक वर्षी शुक्रवारी संध्याकाळी उघडतो आणि उघडल्या उघडल्या सगळे मोठ्या प्रकाशकांच्या बूथकडे धावतात, एआरसी म्हणजे यायच्या पुस्तकांच्या आगाऊ प्रती फुकट मिळतात म्हणून. तुम्ही त्या गर्दीत शिरू नका. सरळ झीन पॅव्हेलियन गाठा. झीन म्हणजे स्वतःच लिहून, स्वतःच छापून काढलेली छोटी पुस्तिका. साठच्या दशकात आपल्याकडे लिटल मॅगझिनवाले सायक्लोस्टाइल करून अंक काढायचे ना, त्याच जातीचं काम इथं झेरॉक्स आणि स्टेपलरवर चालतं, आणि ज्याने लिहिलंय तोच टेबलामागे बसलेला असतो त्यामुळे गप्पा मनसोक्त होतात, आणि झीन कॅटलॉग कसं करायचं, कपाटात कसं टिकवायचं हे विचारायला झीन सांभाळणारे लायब्रेरियनही तिथंच भेटतात. माझ्या मते अख्ख्या हॉलमधली ही सगळ्यात जिवंत जागा आहे. आर्टिस्ट अ‍ॅलीमध्ये कॉमिक्सवाले चित्रकार बसतात, तुमच्या लायब्ररीत मुलांसाठी वर्कशॉप घ्याल का हे त्यांना तिथंच विचारून टाका.

हॉलमधल्या स्टेजचं टाइमटेबल आदल्या रात्री परिषदेच्या अ‍ॅपमध्ये मार्क करून ठेवा. बुक बझ थिएटरमध्ये प्रकाशक येणाऱ्या पुस्तकांबद्दल भराभर बोलतात, खरेदीची यादी करणाऱ्यांनी ते चुकवू नये. पॉपटॉप स्टेजवर रहस्यकथा, रोमान्स वगैरेंचे लेखक असतात. कुकिंग स्टेज असेल तर तिथं पाककृतींच्या पुस्तकांचे लेखक समोर करून दाखवतात, वेळ असेल तर बघा.

पोस्टर सेशन मात्र सोडू नका, कारण तिथं आपल्या कामाचं पोस्टर लावून लहान गावातल्या लायब्ररीतली माणसं कमी पैशात काय जमवलं ते स्वतः उभं राहून सांगतात, आणि बजेट किती, माणसं किती, काय फसलं असं थेट विचारलं की मोकळेपणानं बोलतात.

बुकमोबाइल्स, म्हणजे फिरत्या लायब्ररीच्या गाड्या, आल्या असतील तर आत चढून बघा, ड्रायव्हरशी बोला. अमेरिकेतली पहिली फिरती लायब्ररी १९०५ मध्ये मेरी टिटकॉम्ब यांनी मेरीलँडमधल्या वॉशिंग्टन काउंटीत घोडागाडीवर सुरू केली, आणि गाडीत रॅक कसे बसवायचे, रूट कसा ठरवायचा हे प्रश्न आजही त्या गाडीत उभं राहूनच नीट कळतात.

आता एआरसींचं. वाचाल तेवढ्याच घ्या, आणि त्या लायब्ररीच्या कलेक्शनमध्ये चढवू नका, विक्रीसाठी नाहीत असं त्यांच्यावर छापलेलंच असतं. शेवटच्या दिवशी बरेच प्रकाशक मांडलेली पुस्तकं परत न्यायला नको म्हणून स्वस्तात काढतात, खरेदी तेव्हा करा. बॅग जड झाली तर अमेरिकेतल्या पत्त्यावर पोस्टाच्या मीडिया मेलनं पाठवा, पुस्तकांसाठी तो दर कमी असतो, पोचायला जरा वेळ लागतो एवढंच.