शेजारी पार्किंगबंदीचा अर्ज घेऊन आले तर

ऑक्टोबर लागला की नवीन आलेल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. जॅकेट कुठलं घ्यावं, बूट कुठले, मुलीला स्नोपँट किती मापाची. गाडी रस्त्यावर कुठे लावायची, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग पहिला मोठा बर्फ पडतो आणि सकाळी फोन येतो, "ताई, गाडी जागेवर नाहीये."

म्हणून हे आधीच लिहून ठेवते. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या दक्षिण भागात मी चौदा हिवाळे काढलेत, त्यातले पहिले सहा भाड्याच्या घरात, गॅरेजशिवाय. ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्हकडे घर घेतलेल्यांना गॅरेज आणि ड्राइव्हवे असतो आणि त्या शहरांचे नियमही वेगळे आहेत; त्यांनी आपापल्या शहराकडे चौकशी करावी. नदीपलीकडच्या सेंट पॉलचंही वेळापत्रक वेगळं. मी सांगतेय ते मिनियापोलिसमधल्या जुन्या, अरुंद रस्त्यांवर राहणाऱ्यांना.

आधी नेहमीचा नियम. बर्फ भरपूर पडला की शहर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करतं. हिवाळ्यातून सरासरी चारेक वेळा. त्या दिवशी रात्री ९ पासून सकाळी ८ पर्यंत 'स्नो इमर्जन्सी रूट' असा फलक असलेल्या रस्त्यांवर कुठल्याच बाजूला गाडी ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ बाकीच्या रस्त्यांची सम बाजू मोकळी हवी, तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. रस्ता कडेपर्यंत पूर्ण साफ झाला की वेळ संपायच्या आतही गाडी परत लावता येते. मात्र मधून एक पट्टा काढलेला दिसला म्हणजे साफ झालं असं समजू नका, प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, पुन्हा येतो.

पुण्याहून आलेली माणसं इथे हमखास चुकतात, कारण आपल्या डोक्यात पी-१, पी-२ चे फलक पक्के बसलेले असतात: विषम तारखेला ही बाजू, सम तारखेला ती. इथे सम-विषमचा तारखेशी काडीचा संबंध नाही. घरांचे नंबर बघायचे. ज्या बाजूच्या घरांचे नंबर सम, ती सम बाजू. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दहा तारखेला सम बाजूला नीट विचार करून गाडी लावली होती. दंड, गाडी उचलून नेल्याचे पैसे आणि ती तिथे पडून राहिल्याचं रोजचं भाडं, असं तिन्ही भरून त्याने ती सोडवून आणली. आल्या आल्या हातात पैसा नसतो, तेव्हा हे फार लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जानेवारीच्या आसपास एखाद्या संध्याकाळी दारावर टकटक होईल. शेजारची बाई किंवा आजोबा हातात कागद घेऊन उभे असतील आणि म्हणतील, आपल्या ब्लॉकवर (म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यावर) हिवाळ्यात एका बाजूला पार्किंग बंद करा अशी शहराला विनंती करतोय, सही कराल का? तुमच्या मनात पहिला विचार येईल तो माझ्याही आला होता: गॅरेज यांना आहे, मला नाही, आणि हे माझीच जागा काढून घ्यायला निघालेत. मी सही केली नाही. "घरमालकांना विचारते" म्हणून दार लावलं. ते चूक होतं, आणि का चूक होतं ते सांगते.

हे रस्ते बांधले तेव्हा घरटी दोन-दोन गाड्या नव्हत्या. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना गाड्या लावूनही मधून एक मोठी गाडी आरामात जाते. बर्फ पडायला लागला की हिशोब बदलतो. प्लाऊ बर्फ कडेला ढकलतो. एखादी गाडी हललीच नाही तर तिला वळसा घालून पुढे जातो आणि तिच्या भोवती बर्फाचा बांध तसाच राहतो. ती गाडी निघून गेली तरी बांध हलत नाही, दुपारच्या उन्हात थोडा पाघळतो आणि रात्री दगडासारखा गोठतो. पुढची गाडी त्या बांधाच्या बाहेर उभी राहते, कडेपासून दोन फूट लांब. पुढच्या बर्फात तीन फूट. मीठ टाकायचं म्हटलं तर पारा शून्याखाली नऊ-दहा अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला की साधं मीठ जवळपास काम करेनासं होतं, आणि इथे जानेवारीत तेवढी थंडी असतेच. म्हणजे एकदा आत आलेली कड मार्चपर्यंत मागे जात नाही. रस्ता प्रत्येक वादळाला दोन्हीकडून आत येत राहतो.

२०२२-२३ चा हिवाळा इथल्या लोकांच्या चांगला लक्षात आहे. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात, त्या मोसमात ९०.३ इंच बर्फ पडला, म्हणजे साडेसात फूट. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा. जानेवारी २०२३ च्या अखेरीस शहराने आपणहून सगळ्या निवासी रस्त्यांच्या सम बाजूला पार्किंग बंद केलं. असा निर्बंध लागला की तो १ एप्रिलपर्यंत चालू राहू शकतो; बर्फ लवकर ओसरला तर शहर आधी उठवतं. कारण एकच: अग्निशमनाची आणि रुग्णवाहिकेची गाडी जायला वाट उरली नव्हती.

आमच्या ब्लॉकवर ते आम्ही त्याआधीच पाहिलं होतं. समोरच्या आजींना रात्री छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. दोन्हीकडच्या गाड्या इतक्या मधे आल्या होत्या की पुढे येता येईना. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चालत आली. रस्त्यावर चाकांच्या गोठलेल्या चाकोऱ्या होत्या, त्यात स्ट्रेचरची छोटी चाकं अडकायची. मग ते दोघं ते उचलायचे, चार पावलं न्यायचे, पुन्हा ठेवायचे. आजींच्या अंगावर दोन ब्लँकेट होती आणि एक हात बाहेर राहिला होता, मोजा नव्हता. त्यांच्या सुनेने आपला हातमोजा काढून त्यांना घातला. मी खिडकीतून बघत होते. सगळ्यात मधे आलेल्या दोन गाड्यांपैकी एक आमची होती. आजी वाचल्या, चार दिवसांनी घरी आल्या. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच कागदवाल्या शेजारणीकडे गेले. तिने टेप आणली होती. आम्ही दोघी भर थंडीत रस्ता मोजत बसलो. या कडेपासून त्या कडेपर्यंत ३० फूट. दोन्हीकडच्या गाड्यांचे आरसे धरून मधली मोकळी जागा, सगळ्यात अरुंद ठिकाणी, साडेनऊ फूट. अग्निशमनाची गाडी आठ-साडेआठ फूट रुंद असते, आरसे धरले तर दहाच्या घरात. टेप गाडीच्या आरशाला लावून आम्ही फोटो काढले, प्रत्येक फोटोवर तारीख आणि समोरच्या घराचा नंबर लिहिला. "रस्ता फार अरुंद आहे हो" असं दहा जणांनी लिहिण्यापेक्षा हा एक फोटो जास्त बोलतो.

मग अर्जाचं काम. ३११ हा शहराचा नंबर लक्षात ठेवा. पार्किंग, बर्फ, बंद पडलेला दिवा, सगळ्याची सुरुवात तिथून होते. एका माणसाच्या तक्रारीवर फलक लागत नाहीत, त्या ब्लॉकवर राहणाऱ्यांचं म्हणणं काय ते लागतं, म्हणून घरोघर जाऊन सह्या. शहराचे १३ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक. अर्जाची प्रत त्यांच्या कार्यालयालाही पाठवायची. आपल्याकडे नगरसेवकाकडे जायचं म्हणजे कुणाची तरी ओळख काढावी लागते असं वाटतं. इथे साधा ईमेल पुरतो, उत्तर येतं.

इथेच बरीच मंडळी मागे सरतात. "आम्ही एच-१बी वर, आम्हाला मत नाही, आम्ही कशाला?" मत नसेल, पण तुम्ही त्या वॉर्डात राहता आणि तुमची गाडी त्या रस्त्यावर उभी असते. पार्किंगच्या अर्जावर सही करायला नागरिकत्व लागत नाही. भाडेकरू म्हणून तर तुमचं म्हणणं जास्त महत्त्वाचं, कारण नाही तर अर्ज फक्त गॅरेजवाल्यांचा होतो आणि मग तो खरंच तुमच्या विरोधात जाऊ शकतो.

गॅरेज नसलेल्याची अडचण खोटी नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. एक बाजू बंद म्हणजे निम्म्या जागा गेल्या. रात्रपाळी करून येणाऱ्या बाईला शून्याखाली वीस अंशांत तीन ब्लॉक चालायला लावणं बरोबर नाही. आमच्या ब्लॉकवर चार बिऱ्हाडांची एक इमारत होती, गॅरेज एकही नाही. म्हणून सह्या घेताना आम्ही गॅरेजवाल्या घरांकडून एक कबुली घेतली: नोव्हेंबर ते मार्च आपली गाडी मागच्या बोळातून, म्हणजे अ‍ॅलीतून गॅरेजमध्येच जाईल. बऱ्याच गॅरेजांत सायकली आणि जुनं सामान भरलं होतं. एका शनिवारी सगळ्यांनी मिळून ती रिकामी केली आणि रस्त्यावरच्या सात गाड्या कमी झाल्या. आणि विनंती पूर्ण बंदीची केली नाही. फक्त एक बाजू, फक्त हिवाळ्यात, आणि ज्या बाजूला आगीच्या बंबाचा नळ आहे ती. त्या इमारतीतल्या चारही बिऱ्हाडांनी सही केली. फलक पुढच्या हिवाळ्याआधी लागले.

तेव्हा दारात कागद आला की लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. विचारा: कुठली बाजू, कुठले महिने, गॅरेज नसलेल्यांनी गाड्या कुठे लावायच्या? उत्तर पटलं नाही तर तसं सांगा आणि त्यात बदल सुचवा. शेजाऱ्याला आत बोलवा, चहा द्या. माझ्या अनुभवात इथली माणसं स्पष्ट बोललेलं मनाला लावून घेत नाहीत, उलट घुम्यासारखं दार लावलेलं त्यांना जास्त लागतं.

दोन-चार बारीक गोष्टी. आगीच्या बंबाच्या नळापासून १० फुटांच्या आत गाडी लावायची नाही, हा राज्याचा नियम आहे, आणि बर्फात नळ दिसत नाही म्हणून सूट नसते. तुमच्या घरासमोर नळ असेल तर बर्फ पडला की त्याच्याभोवती खणून वाट मोकळी ठेवा. फुटपाथ २४ तासांत साफ करायची जबाबदारी एक-दोन बिऱ्हाडांच्या घराची असते. तुमच्या करारात ते काम मालकाचं की तुमचं ते आधीच बघून घ्या. आणि उपसलेला बर्फ रस्त्यावर फेकायचा नाही.

शेवटचं, डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी. तिकिटं काढली, बॅगा भरल्या, आईसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या घेतल्या, आणि गाडी महिनाभर रस्त्यावर सोडून गेलात, असं करू नका. इथे एका जागी ७२ तासांहून जास्त गाडी ठेवता येत नाही, आणि मधे स्नो इमर्जन्सी लागली तर तुम्ही साताऱ्यात झोपलेले असताना ती उचलली जाईल. मंडळात कुणाकडे तरी ड्राइव्हवेवर जागा असते, नोव्हेंबरातच विचारून ठेवा. ते जमलंच नाही तर किल्ली विश्वासाच्या माणसाकडे द्या, आणि त्याला नुसतं "बघ रे गाडीकडे" म्हणू नका. कागदावर लिहून द्या: घराचा नंबर, आपली बाजू सम की विषम, समोर नळ कुठे आहे, आणि गाडीतला फावडा डिकीत आहे की मागच्या सीटखाली.