नमपायमध्ये नवी सोय कशी मागावी

रावेरकडच्या केळीच्या बागेत दर तासाला नोंदवलेले तापमान तुम्ही नमपायमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आकडेमोडीच्या फंक्शनांच्या संचात, घेतले आहे; रात्री वीज गेल्यामुळे त्यातल्या तीन नोंदी रिकाम्या राहिल्या आहेत, आणि सरासरी काढताच उत्तर येते ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’. अशा वेळी ‘रिकाम्या नोंदी वगळणारी सरासरी द्या’ अशी मागणी लगेच लिहू नये, कारण ‘नॅनमीन’ हे फंक्शन नेमके तेच काम करते. म्हणून आधी दस्तऐवज वाचावेत आणि मग नमपायचा कोड जिथे ठेवलेला आहे त्या गिटहब या संकेतस्थळावरील जुन्या मागण्या व त्यांवरील चर्चा पाहाव्यात.

काही मागण्या करूच नयेत. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि ज्युलिया या आकडेमोडीच्या भाषांत रांगेतल्या घटकांची मोजणी १ पासून सुरू होते, पायथनमध्ये ० पासून; पायथनमधली मोजणी आता बदलायला लावली तर जगभरातले चालू प्रोग्रॅम मोडतील.

मागणी पटवायची असेल, तर होणारा त्रास कोडमधूनच दिसला पाहिजे. पूर्वी नमपायमध्ये मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी ‘डॉट’ हे फंक्शन वापरावे लागे आणि लांब सूत्रात कंसात कंस अडकत. २०१४ साली पायथनसमोर आलेल्या ‘पेप ४६५’ या प्रस्तावात एकच सूत्र जुन्या आणि नव्या पद्धतीने लिहून दाखवले होते, आणि २०१५ मध्ये पायथन ३.५ बरोबर ‘@’ हे गुणाकाराचे चिन्ह मिळाले. मला हा प्रस्ताव मागणीलेखनाचा उत्तम धडा वाटतो. नवशिक्यानेही तो एकदा वाचावा.

तुमच्या मागणीतही असेच करावे: हंगामभराची फाईल न जोडता दहा ओळींचा नमुना द्यावा, त्यातून शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक काढून टाकावेत, आज काय उत्तर येते आणि कोणते यायला हवे ते लिहावे, आणि नमपायची आवृत्तीही नमूद करावी.

विनोदाला इथे मज्जाव नाही. मॅटलॅबमध्ये ‘व्हाय’ लिहिले की ते मनाला येईल ते गमतीदार उत्तर देते. पायथनमध्ये ओळींच्या इंडेंटेशनऐवजी, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेऐवजी, महिरपी कंस हवेत, ही मागणी तर भाषेतच मुरली आहे: ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस’ या अर्थाची ओळ चालवली की ‘नॉट अ चान्स’ अशी त्रुटी येते. ही गंमत सर्वांना कळते. आपल्या मित्रांच्या गटात मात्र ‘त्रुटी आली की संगणकाने “काय व्हयनं भो?” (काय झालं भाऊ?) असे विचारावे’ ही इच्छा जितकी रंगते, तितकी ती गिटहबवर रंगणार नाही, कारण तिथे वाचणाऱ्याला अहिराणी येत नाही आणि तो बहुधा स्वतःच्या फावल्या वेळात तुमची मागणी वाचत असतो. मागणी साध्या इंग्रजीत लिहावी, थट्टा करायचीच तर एका ओळीत आणि नमुन्यानंतर करावी, आणि ती विकसकांवर घसरू देऊ नये.

उत्तराची वाट पाहताना हवे ते काम करणारे छोटे फंक्शन स्वतः लिहून वापरावे आणि तेही मागणीखाली जोडावे. त्यावर कोणी प्रश्न विचारला, तर त्याच दहा ओळींच्या नमुन्यावर ते चालवून आलेले उत्तर तिथे लिहावे.