सेल्सफोर्समध्ये ऑटोमेशनचे साधन कसे निवडावे: गावातून काम सुरू करणाऱ्यांसाठी

सेल्सफोर्स, म्हणजे ग्राहकांच्या आणि विक्रीच्या नोंदी ठेवण्याची प्रणाली, शिकायला बसलेली मुले मला सर्वांत जास्त वेळा विचारतात ते हेच, की एखादे काम आपोआप व्हावे यासाठी फ्लो (पडद्यावर चौकोन जोडून कामाचा क्रम मांडण्याचे साधन) वापरायचा की एपेक्समध्ये, म्हणजे सेल्सफोर्सच्या प्रोग्रामिंग भाषेत, कोड लिहायचा. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. काम नेमके कोणत्या क्षणी व्हायला हवे, ते कोणत्या नोंदीवर व्हायला हवे आणि गर्दीच्या दिवशी एका दमात किती नोंदींवर होईल, हे कळले की साधन बहुतेक वेळा आपोआप ठरते. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातील एका गावात राहून मी हे काम करतो आणि नवख्यांना शिकवतोही. माझ्या पाहण्यात चांगल्या बुद्धीची मुलेसुद्धा या तीन गोष्टी न विचारता थेट पडद्यावर चौकोन जोडायला लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सुरुवातीलाच एक सावधगिरी सांगतो. यूट्यूबवरील जुने व्हिडिओ अजूनही वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर ही ऑटोमेशनची जुनी साधने शिकवतात. या दोन्ही साधनांसाठी कंपनीकडून मिळणारे साहाय्य ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपले. जुन्या कंपन्यांमध्ये ती चालू अवस्थेत सापडतात, त्यामुळे ती वाचता येणे आणि फ्लोमध्ये नेता येणे आवश्यक आहे; पण नवे काही उभारायचे असेल तर त्यांचा विचार करू नये.

आता आमच्या भागातील एक काम घेऊ. ठिबक सिंचनाचे संच विकणारा एखादा वितरक असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्याकडे चौकशांची रीघ लागते. कोणी फोन करतो, कोणी कृषी प्रदर्शनात नाव लिहून जातो, कोणी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरून अनुदानाची पूर्वसंमती घेऊनच येतो. अशा एका वितरकाने मला आपली गरज एका वाक्यात सांगितली होती: ‘भाऊ, शेतकऱ्याचं नाव आलं का त्याले फोन करनारा मानूस कोन, हे मले तवाच दिसलं पाहिजे.’ या वाक्यात क्षण आहे, नोंद आहे आणि अपेक्षित परिणामही आहे. ग्राहकाचे बोलणे असे शब्दशः टिपून ठेवावे. पुढची निम्मी रचना त्यातूनच निघते.

चौकशीची नोंद जतन होत असताना गावावरून तालुका भरायचा आणि तालुक्यावरून प्रतिनिधी ठरवायचा, हे सगळे त्याच नोंदीतील रकाने भरण्याचे काम आहे. त्यासाठी नोंद जतन होण्यापूर्वी चालणारा फ्लो घ्यावा. नोंद डेटाबेसमध्ये जाण्याआधीच रकाने भरले जात असल्यामुळे ती पुन्हा जतन करावी लागत नाही आणि काम लक्षणीय वेगाने होते. मात्र याच फ्लोमधून दुसऱ्या नोंदी तयार करता येत नाहीत आणि ईमेलही पाठवता येत नाही. प्रतिनिधीच्या नावावर ‘फोन करा’ असे टास्क तयार करायचे असेल, तर नोंद जतन झाल्यानंतर चालणारा फ्लो लागतो. दोन दिवसांत फोन झाला नाही तर वरिष्ठाला कळवायचे असल्यास त्याच फ्लोमध्ये वेळ ठरवून दिलेली वाट जोडता येते. फक्त त्या वाटेवर चौकशीची स्थिती पुन्हा एकदा तपासून घ्यावी, नाहीतर ज्या शेतकऱ्याशी बोलणे झाले आहे त्याच्याबद्दलही तक्रार वरपर्यंत जाते.

पूर्वसंमतीचा क्रमांक नसताना नोंद पुढच्या टप्प्यावर जाऊ नये, ही गरज ऐकली की नवखा मनुष्य लगेच फ्लो काढतो. तिथे व्हॅलिडेशन रूल, म्हणजे अट पुरी होत नसेल तर नोंद जतन होऊ न देणारा नियम, पुरेसा आहे. चौकशी येऊन किती दिवस झाले हे दाखवायला फॉर्म्युला रकाना, म्हणजे सूत्रावरून स्वतःच उत्तर काढणारा रकाना, पुरतो. जे काम ऑटोमेशनशिवाय होते, तिथे ऑटोमेशन करू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण तयार केलेला प्रत्येक फ्लो पुढे कोणाला तरी सांभाळावा लागतो.

बांधावर उभे राहून प्रतिनिधीने एकेक प्रश्न विचारत माहिती भरावी, यासाठी स्क्रीन फ्लो चांगला आहे. पण सेल्सफोर्सच्या साध्या मोबाइल ॲपमध्ये तो चालायला नेटवर्क लागते. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांमध्ये रेंज कुठे मिळते आणि कुठे जाते, हे विचारल्याशिवाय तो सुचवू नये.

तिसरी गोष्ट, म्हणजे नोंदींची संख्या, ही खरी कसोटी आहे. सेल्सफोर्समध्ये एकाच वेळी अनेक कंपन्या तीच यंत्रणा वापरत असल्याने प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे एका दमात चालणाऱ्या कामाला, मर्यादा घातलेल्या आहेत. एका व्यवहारात साधारणपणे १०० वेळा माहिती शोधता येते आणि १५० वेळा ती बदलून जतन करता येते. एका ठिकाणी मी पाहिलेला फ्लो असा होता: तालुक्याचा प्रतिनिधी बदलला की त्या तालुक्यातील सर्व खुल्या चौकशा नव्या प्रतिनिधीकडे जाव्यात. लूपच्या (तेच काम प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांच्या) आत एकेक चौकशी घेऊन तिथेच ती अद्ययावत केली जात होती. चाचणीच्या तालुक्यात मोजक्याच चौकशा असल्यामुळे सगळे सुरळीत दिसले. प्रत्यक्ष हंगामात मोठ्या तालुक्याचा प्रतिनिधी बदलला, तेव्हा १५१ व्या बदलाला फ्लो थांबला आणि आधीचे १५० बदलही मागे घेतले गेले. उपाय सोपा आहे: लूपमध्ये फक्त नवे नाव भरून नोंदी एका संचात गोळा कराव्यात आणि लूपच्या बाहेर तो संच एकदाच जतन करावा. इथे साधन चुकले नव्हते, ते वापरण्याची पद्धत चुकली होती. म्हणून फ्लो अडला की लगेच एपेक्सकडे धावू नये.

एपेक्स घ्यावे ते गुंतागुंतीच्या आकडेमोडीसाठी, अनेक प्रकारच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील तेव्हा, किंवा बाहेरच्या प्रणालीशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर बारकाईने नियंत्रण हवे असेल तेव्हा. प्रत्यक्ष वापरात नेण्यापूर्वी एपेक्स कोडच्या किमान ७५ टक्के भागाची चाचणी झालेली असावी लागते, आणि तो कोड वाचणारा मनुष्य त्या कंपनीत असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणच्या वितरकाकडे असा मनुष्य सहसा नसतो. मी अशा ग्राहकाला कोड देण्याचे शक्यतो टाळतो, कारण आपण गेल्यावर त्याला वाली उरत नाही. तसेच एकाच प्रकारच्या नोंदीवर थोडे फ्लोमध्ये आणि थोडे एपेक्स ट्रिगरमध्ये (नोंद जतन होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) असे काम विखरू नये. जतन होण्यापूर्वीचे फ्लो ट्रिगरच्या आधी चालतात, तर जतन झाल्यानंतरचे फ्लो ट्रिगरच्या बरेच नंतर. हा क्रम पाठ नसलेल्याला चूक शोधताना दिवस पुरत नाही.

लहान व्यवसायांमध्ये सेल्सफोर्ससारखीच झोहो सीआरएम ही प्रणालीही दिसते. तिथेही विचार हाच आहे: एखादी घटना घडली की करायच्या कामासाठी झोहोचा स्वतःचा वर्कफ्लो रूल, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या प्रक्रियेसाठी ब्लूप्रिंट आणि त्यापलीकडच्या कामासाठी डेल्यूज भाषेतील फंक्शन.

शिकण्यासाठी खर्च नाही. ट्रेलहेड (सेल्सफोर्सचे शिकण्याचे संकेतस्थळ) आणि डेव्हलपर एडिशन (सरावासाठीचे खाते) दोन्ही विनामूल्य आहेत आणि ब्राउझरमध्ये चालतात. भारनियमनाच्या वेळा पाहून बसले की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम होते. ओळखीच्या कृषी केंद्रात जाऊन उधारी, चौकशी आणि मालाची नोंद कशी ठेवतात ते पाहावे, ते आधी मराठीत कागदावर लिहावे आणि मग आपल्या विनामूल्य खात्यात उभे करावे. चाचणीसाठी पाच नोंदी न घेता दोनशे नोंदींची फाइल एकदम चढवून पाहावी. प्रत्येक फ्लोच्या वर्णनात तो कशासाठी आहे ते लिहावे आणि चूक झाल्यास जाणारी फॉल्टची वाट रिकामी सोडू नये. नागपूर-पुण्याच्या मुलाखतींमध्ये हमखास विचारतात की इथे फ्लोच का घेतला. त्या वेळी असे एखादे काम लॅपटॉपवर उघडून, दोनशे नोंदी चढवल्यावर काय झाले ते दाखवता आले पाहिजे.